बॉक्सरूममधलं ऊन

वाचायला घेण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते: मी बरी झालेली नाही. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, आणि तो बरा होत नाही. येतो, ओसरतो, परत येतो. सध्या ओसरलाय, म्हणून लिहायला बसलेय.

दुसरी गोष्ट. रोप कसं लावायचं, पाण्यात काय घालायचं, याची कृती यात नाही. ती हवी असेल तर हे खाली ठेवा. यात आहोत मी, आई, बाबा आणि इंग्लंडातल्या लीड्सच्या आमच्या घरातली सगळ्यात लहान खोली, बॉक्सरूम, जिथे काही महिने गांजाची रोपं होती. तो गुन्हा होता, आजही आहे. मला तो गुन्हा वाटत नाही, आणि तसं छापून मी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर वाटलेलं आहे. पण पत्रकाला दोनच बाजू असतात. त्यात जे मावलं नाही ते इथे.

बाबा आता निवृत्त होऊन नागपूरला गेलेत. घर विकलं. हे छापू का, असं फोनवर विचारलं तर म्हणाले, "छाप. पण मला हीरो करू नको."

करत नाही.

मी इथे बसलेय

आश्रय नाकारलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी होते तेव्हा. पगार नावाला, काम डोक्यावरून पाणी. एका दुपारी पत्रकांच्या घड्या घालताना घडीची रेघच दिसेना. उजव्या डोळ्यावर कुणीतरी तेलकट कागद चिकटवल्यासारखं. मग काही आठवड्यांनी पाय. दुखत नव्हते. पायाखाली कापूस अंथरलाय आणि त्यावरून मी चालतेय, असं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस ते छान वाटलं होतं.

तपासण्या झाल्या. नळीत घालून डोक्याचे फोटो, पाठीत सुई. मग निदानाचा दिवस.

बाबा ज्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, त्याच हॉस्पिटलातले न्यूरॉलॉजिस्ट. समोर आम्ही तिघं. ते सगळं बोलले ते बाबांशी. 'आय ॲम सॉरी, डॉक्टर' इथपासून सुरुवात. स्कॅन बाबांकडे वळवला, पांढरे ठिपके बाबांना दाखवले. बाबा मान हलवत होते, जणू दुसऱ्या कुणाची केस आहे.

आई हळूच मराठीत म्हणाली, "अहो, तो इतकं सावकाश का बोलतोय? वाईट आहे का?"

मी म्हटलं, "एक्सक्यूज मी. पेशंट मी आहे. मी इथे बसलेय."

न्यूरॉलॉजिस्ट माझ्याकडे वळले, लाल झाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हणजे मला ते दोनदा ऐकावं लागलं. हक्क मागितले की असं होतं.

कारपार्कमध्ये बाबा तिकीट शोधत होते. खिसे, पाकीट, डॅशबोर्ड. तिकीट त्यांच्या ओठांत धरलेलं होतं. आई आणि मी दोघी बघत होतो आणि दोघींपैकी कुणालाच सांगवेना.

थेंब

पहिल्या मोठ्या झटक्याला मला ॲडमिट करून स्टेरॉइडची सलाईन लावली. तोंडाला चव आली तांब्याचा पैसा चघळल्यासारखी. वॉर्डातला दिवस म्हणजे चहाची ट्रॉली, ब्लडप्रेशर, जेवणाची ट्रॉली, ब्लडप्रेशर, आणि खिडकीतून दिसणारं एकच झाड, ज्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

मी थेंब बघत बसायचे. पिशवीखालच्या त्या पारदर्शक कुपीत थेंब आधी फुगतो, मग लोंबतो, आणि आता पडेल असं वाटत असताना थोडा थांबतो. त्या थांबण्यात मी राहायचे. तिथे आजार नव्हता, वय नव्हतं. तिथे एक गोल खोली होती, उलटी, आणि तिच्यात वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या. पडला की सगळं पडायचं. मग पुन्हा नवी खोली.

हे आठवायला बरं वाटतं. तिथली भीती मात्र होती तशीच आहे: या सगळ्यानंतर मी संडासापर्यंत स्वतःची स्वतः जाऊ शकेन का. लोक म्हणतात मरणाची भीती वाटली असेल. नाही हो. संडासाची.

समोरच्या खाटेवर डोरीन होती. साठीची, आयुष्य बसडेपोत गेलेलं, माझाच आजार, माझ्याहून वीस वर्षं जुना. सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची, ज्यांच्यावर चिडलेली असायची त्यांनाही.

"हे औषध आग विझवतं, लव्ह," ती म्हणाली. "पण जळलेल्या वायरी? त्या संध्याकाळी नाचतात. नाचायला लागल्या की मला फोन कर."

वायरी

नाचायला लागल्या. दिवेलागणीला सुरू व्हायचं. आधी पोटरीत गोळा, मग अख्खा पाय लाकडासारखा ताठ, मग आपोआप वर उचलला जाऊन थडथड. फ्लॅट सोडून मी आईबाबांकडे परतले होते. बाबा असायचे ड्यूटीवर, किंवा मी खोलीचं दार लावून घ्यायचे. आईने बघितलं होतं. बाबांनी नाही. मी बघू दिलं नाही.

गोळ्यांनी पाय मऊ झाले आणि डोकंही. दोन वाक्यं एकमेकांना जोडता येईनात. पत्रकं लिहिणाऱ्या मुलीचं डोकं काढून घेतलं तर उरतं काय? कमरेखालचं तर आधीच गेलेलं.

मी न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारलं, गांजाने फरक पडतो का. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, डॉक्टर म्हणून मी सल्ला देऊ शकत नाही. काही पेशंट सांगतात की त्यांना बरं वाटतं. मग पेन उचललं.

पेन खाली ठेवून सांगायचं सत्य हे कसलं सत्य? त्याच आठवड्यात मी या विषयावरचं पहिलं पत्रक लिहिलं. सरकारने अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचा वर्ग एक पायरी खाली आणला होता आणि पेपरवाले असे लिहीत होते की जणू काही सगळं मोकळं झालं. घरात एक रोप लावलं तरी खटला होऊ शकत होता. कमरेखाली बधिर असलेल्या माणसावरसुद्धा.

मी डोरीनला फोन केला. ती तेव्हा म्हाताऱ्यांसाठीच्या, वॉर्डन असलेल्या एका फ्लॅटमध्ये राहायला चालली होती. तिथे तिचा रोपं वाढवायचा संच नेता येणार नव्हता. टॅक्सीत घालून ती तो माझ्याकडे घेऊन आली: मातीच्या भाजलेल्या गोट्यांनी भरलेल्या तीन बादल्या, पाण्याची टाकी, पंप, बारीक नळ्यांचं जाळं, आणि एक भलामोठा दिवा. कुंडीतली माती नाहीच. मुळांवर थेंब थेंब खतपाणी पडत राहतं, बस.

बॉक्सरूममध्ये लावला. आईला सांगितलं, टोमॅटो.

पानं फुटल्यावर आई दारात उभी राहून बघत होती. "टोमॅटोचं पान मला कळतं," ती म्हणाली. "आणि हे पानही कळतं. मी पुण्याची असले तरी सासर नागपूरचं आहे. शिवरात्रीला तुझे चुलतआजोबा पाट्यावर वाटायचे ते काही नुसते बदाम नव्हते."

"मग?"

"मग काय. पडदा जाड लाव."

"आणि बाबा?"

"ते मी बघते."

तिने काहीही बघितलं नाही. फक्त सांगितलं नाही.

ऊन

तो दिवा लागला की खोलीत सोनेरी, जाड, मे महिन्याचं ऊन पडायचं. बाहेर फेब्रुवारी, पाच वाजता अंधारायला लागलेलं, शेजाऱ्यांच्या कौलांवर बर्फाळ पाऊस. आत आई ताटात सांडगे घालून ते दिव्याखाली सरकवायची.

"आई, हे लपवायचं आहे. इथे वर्दळ नको."

"लीड्समध्ये एवढं ऊन मी पहिल्यांदा बघतेय. वाया घालवू?"

तिथे बसून ती मेथी निवडायची. मी जमिनीवर उशी टाकून पडायचे. बाबांच्या परीक्षेची जुनी पुस्तकं भिंतीला लावलेली, त्यांच्यावर कोहळ्याच्या सांडग्यांचं ताट, त्यामागे हिरवी पानं. मला वाटायचं, आजारी माणसाचं एक वेगळं शहर असतं, आणि आम्ही त्यात घर घेतलंय.

अडचण पंपाची. तो गुणगुणायचा. भिंतीपलीकडे बाबांची खोली, आणि नाइट ड्यूटी करून ते दिवसा झोपायचे.

"हा कसला आवाज येऊन राहिला?" त्यांनी विचारलं.

"बॉयलर," आई म्हणाली.

बाबांनी बॉयलर तपासायला माणूस बोलावला. त्याने उघडून बघितला, बंद करून बघितला, चहा घेतला, आणि सांगितलं की बॉयलर एकदम मस्त आहे. बाबा म्हणाले, मग आवाज माझ्या कानात असेल, इएनटीला दाखवतो.

तेव्हा आईने ठरवलं की पंप जाणार. शिवाय नळ्यांची तोंडं तुंबायची, आणि बधिर बोटांनी ती मला मोकळी करता येत नव्हती. एकदा मी तिथे जमिनीवर बसले ती मला उठताच येईना. आई लायब्ररीतलं काम संपवून येईपर्यंत तशीच होते.

"पाणी वरून खाली पडण्यासाठी वीज कशाला लागते?" आई म्हणाली, आणि देवघरातून गळती घेऊन आली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: तांब्याचं भांडं, बुडाला बारीक भोक, त्यात दोऱ्याची वात. महादेवाच्या पिंडीवर टांगतात. थेंब थेंब अभिषेक होत राहतो. आमची बाबांच्या आईची, नागपूरहून आलेली. श्रावणी सोमवारी सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत चालते.

पडद्याच्या दांडीला ती टांगली, खाली नरसाळं, नरसाळ्यातून डोरीनच्या त्याच बारीक नळ्या. आईने वातीला पीळ दिला, थेंब सावकाश झाला. पीळ सोडला, भरभर. "बघ. याला इन्स्ट्रक्शन मॅन्युअल लागत नाही."

ते दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. टप. मग बराच वेळ काही नाही. टप. पाय ताठ होत असला तरी मी थेंबाकडे बघत राहायचे, आणि वॉर्डातली ती गोल खोली परत यायची. पण आता तिच्यात खिडक्यांऐवजी पानं, आणि आईचा वाकलेला चेहरा. पलीकडे बाबा झोपलेत. त्यांच्या घोरण्याची आणि थेंबाची कधीकधी लय जुळायची. घरातलं कुणीच कुणाशी भांडत नव्हतं, असं पहिल्यांदाच होत होतं.

पिवळं

पानं पिवळी पडायला लागली. आधी शिरांच्या मधे, मग सगळी. मुळं तपकिरी आणि आखूड, जणू कुणी जाळलेली. डोरीनला फोनवर विचारलं. तिला काही कळेना. खतपाणी बदललं. दिवा वर घेतला. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल, आणि मी तिच्यावर ओरडले.

तिन्ही मरणार हे दिसत होतं. ती गेली असती तर पुन्हा सुरू करण्याचं बळ मला नव्हतं. मग गोळ्या आणि धुकं. किंवा कुणा अनोळखी पोराकडून काहीतरी विकत घेणं, ज्यात काय मिसळलंय देव जाणे. मी रडत होते ते रोपांसाठी नाही. मी पुन्हा एक वाक्य नीट लिहू शकेन की नाही, यासाठी.

अशा एका रविवारी दुपारी बाबा कुणा ज्युनिअरला द्यायला एक जुनं पुस्तक शोधत बॉक्सरूममध्ये आले.

मी जमिनीवर. आई मेथीसकट खुर्चीत. वर त्यांच्या आईची गळती. खाली गांजा.

बाबांनी पडदा, दिवा, बादल्या, सगळं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "हे काय करून राहिल्या तुम्ही दोघी?"

"सांडगे," आई म्हणाली.

"कळतं मला काय आहे ते. घर माझ्या नावावर आहे. उद्या पोलीस आले तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. तीस वर्षं. मी आजवर कधी पार्किंगचा दंडही भरला नाही."

मी तोंड उघडलं. पत्रकातली सगळी वाक्यं तयार होती.

"तू भाषण देऊ नको," बाबा म्हणाले. "आज संध्याकाळच्या आत हे सगळं बाहेर. आणि माझ्या आईचं भांडं देवात."

"अहो, तिचे पाय..."

"पायासाठी औषधं आहेत."

आई मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, "तुमच्या काकांनी वाटलेली चालायची. वाटीभर घेऊन गच्चीवर तीन तास हसत होतात तुम्ही. मला सासूबाईंनी सांगितलंय."

बाबा काही उत्तर देणार, एवढ्यात, दिवेलागणीची वाट न बघताच, माझा पाय सुटला.

मी दार लावू शकले नाही. उठूच शकत नव्हते. गुडघा ताठ, टाच बादलीवर आपटत होती, सांडग्यांचं ताट खाली आलं. बाबांनी आयुष्यभर माणसांना झोपवलं. दुखणारी जागी माणसं त्यांना फारशी भेटली नाहीत. ते खाली बसले आणि माझी पोटरी दोन्ही हातांत धरली, आणि त्यांच्या हातातही ती उडत राहिली. त्यांचे हात कधी थरथरत नाहीत. त्या दिवशी माझ्या पायाने ते थरथरवले.

"रोज होतं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही गोळी वाढवली असती."

थांबल्यावरही त्यांनी पाय सोडला नाही. तसेच बसून वर बघत होते, गळतीकडे. वातीच्या टोकाला हिरवट-निळी कड आली होती. आम्हा दोघींना ती रोज दिसत होती.

"हे पाणी आंबट असतं का ग?" बाबांनी विचारलं.

"थोडं. तसंच लागतं त्यांना."

बाबा आईकडे वळले. "तांब्याच्या भांड्यात आंबट?"

आईचा हात तोंडावर गेला.

"ताक कधी ठेवलं का तू तांब्यात? दर सोमवारी ही गळती कशाने घासते? चिंचेने ना? मग?" ते म्हणाले. "कळकलं आहे ते. विष पाजून राहिल्या तुम्ही बिचाऱ्यांना."

जन्मात कधी पितळेत दही न विरजलेली माझी आई. तिने मेथीची परडी बाजूला ठेवली, उठली, आणि गळती खाली उतरवली. खाली स्वयंपाकघरात ती भांडं घासत होती आणि महादेवाची माफी मागत होती, ते जिन्यातून वर ऐकू येत होतं.

अंगठा

संध्याकाळी बाबांनी काही बाहेर टाकलं नाही. पावसात जाऊन हिरवळ कापली. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या बॅगेत सलाईनच्या नळ्या होत्या, तारीख उलटलेल्या, विद्यार्थ्यांना शिकवायला वापरतात तसल्या.

एका रोपाची आशा नव्हती. दोन साध्या पाण्याने धुऊन घेतली. पडद्याच्या दांडीला प्लॅस्टिकचा कॅन, त्याला नळी, मधे ती पारदर्शक कुपी, आणि खाली चाक, जे अंगठ्याने फिरवलं की थेंब कमी-जास्त होतो. बाबा स्टुलावर बसले, कुपीकडे नजर, अंगठा चाकावर, ओठ हलत होते. मी हजारदा ऐकलं होतं की बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतात. काम करताना बघितलं ते त्या दिवशी.

"मी हे केलेलं नाही," ते उठताना म्हणाले. "आणि हे एकदाच. एवढं पीक निघालं की दिवा बंद. मला शब्द दे."

दिला. काय करणार? रजिस्ट्रेशन त्यांचं होतं.

एक रोप जगलं. त्याचं पुढे काय आणि कसं केलं ते लिहीत नाही. तुपाचा त्यात हात होता, एवढंच. चमत्कार झाला नाही. कुणी तुम्हाला चमत्कार विकत असेल तर त्याला दाराबाहेर काढा. पाय ताठ व्हायचेच, पण गाठ बसण्याआधी सैल व्हायची. मला झोप लागायची. सकाळी वाक्यं जागेवर असायची. त्या महिन्यांत मी माझी सगळ्यात चांगली पत्रकं लिहिली, आणि त्यांतल्या एकातही बाबांबद्दल एक ओळ लिहिता आली नाही. हा कायदा कुणाला गप्प करतो ते बघा.

मग शब्दाप्रमाणे दिवा बंद केला. खोलीत पुन्हा लीड्स आलं.

परत

वर्षभरात झटका परत आला. तोच वॉर्ड, तीच तांब्याची चव. त्या रोपातून निघालेलं सगळं संपलं होतं. घरी गेल्यावर काय, याचं उत्तर मला माहीत होतं, आणि मी बाबांना विचारणार नव्हते. शब्द म्हणजे शब्द. मी झाडाकडे बघत पडले होते.

सकाळी ऑपरेशनची यादी सुरू होण्याआधी बाबा आले, डोक्याला हिरवी टोपी तशीच. खुर्ची ओढली. माझ्या सलाईनकडे बघितलं, उठले, थेंब मोजणाऱ्या पंपाचं बटण बंद केलं, नळी त्यातून काढली, आणि अंगठा चाकावर ठेवला. ओठ हलायला लागले.

नर्स आली. "डॉक्टर, त्यासाठी पंप आहे."

"माहीत आहे," बाबा तिला म्हणाले. "तो आवाज करतो."

ती माझ्याकडे बघून हसली, पंप परत लावला आणि गेली. बाबांनी लावू दिला.

थेंब फुगत होता. मी विचारलं, "आई का नाही आली?"

बाबा टोपी नीट करत होते. "घरी आहे. कोहळा किसून राहिली. सांडगे घालायचे म्हणते."

बाहेर पाऊस पडत होता. लीड्सचा, नोव्हेंबरचा.

"वाळणार कुठे ते?" मी म्हटलं.

"वरच्या खोलीत," बाबा म्हणाले. "सकाळी दिवा लावून आलो मी."